ओव्हाळबाईंची परिसर भेट

प्रभावती ओव्हाळ आमच्या नांद्याच्या शाळेत बालवर्गाला शिकवतात आणि मी त्याच शाळेच्या कार्यालयात बसतो. दोघंही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मी निवृत्त झालो तर शाळेला ते तीन दिवसांनी कळेल. बाई निवृत्त झाल्या तर संस्थेचे अध्यक्ष शेखरअण्णा त्याच दिवशी पेढे वाटतील.

अण्णांच्या शेतावर आता सात मजली इमारत उभी आहे. तिच्या खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना भाड्यानं दिल्या आहेत, आणि उरलेल्या जागेत शाळा आहे. शाळा ज्ञानदानासाठी आहे असं फाटकावर लिहिलेलं आहे.

बाईंच्या वर्गात अठरा मुलं. शिकवण्याची त्यांची पद्धत शिक्षणखात्याच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. जूनमध्ये पहिल्याच दिवशी त्या मुलांच्या रंगपेट्या उघडायला लावतात आणि प्रत्येक पेटीतून ‘स्किन कलर’ची गुलाबी कांडी काढून पत्र्याच्या डब्यात टाकतात. त्या कांडीला वर्गात ‘खोडरबराचा रंग’ म्हणतात, कारण त्या रंगाची दुसरी वस्तू नांद्यात नाही. मग भिंतीवरच्या आरशात एकेकानं आपलं तोंड नीट बघायचं, तपकिरी, पिवळा, लाल असं काय काय घोटून आपला रंग आपण तयार करायचा आणि त्याला नाव द्यायचं. कुणाचा रंग गुळाचा निघतो, कुणाचा करवंदाचा, कुणाचा नाचणीच्या भाकरीचा. या वर्षी किमया भालेराव नावाच्या मुलीनं आपला रंग चिंचोक्याचा आहे असं जाहीर केलं. चिंचोका भिजवून पुसला की चमकतो, तसा. तिच्या शेजारी बसणारी दिशा म्हणाली, माझा पण तोच. दोघींनी हात शेजारी ठेवले तर खरंच फरक दिसेना.

फरक होता तो माझ्या कार्यालयात. आमच्या प्रवेश अर्जात ‘वर्ण’ असा एक रकाना आहे. तो कुणी घातला आणि कशासाठी, हे कुणाला माहीत नाही, पण रकाना आहे म्हटल्यावर भरावा लागतो. दिशाच्या अर्जात मी ‘गव्हाळ’ लिहिलं होतं आणि किमयाच्या अर्जात ‘काळा’. बाईंनी ते कुठूनसं पाहिलं आणि दोघींना माझ्या टेबलासमोर आणून उभं केलं.

“भाऊसाहेब, ह्या दोघींचे हात बघा. आता सांगा, गहू कुठला?”

मी चष्मा पुसला. “बाई, दिशा अध्यक्षांची नात आहे.”

“मग तसं लिहा. वर्ण, अध्यक्षांची नात.”

किमया बौद्धवाड्यातली. वडील विकी पिरंगुटच्या कारखान्यात, आई नम्रता सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जाते. बाईही त्याच वाड्यातल्या, पण माहेर मुठा गावचं. त्यांचे वडील गेणबा दुसऱ्यांच्या भातखाचरात मजुरी करायचे. गेणबांनी घराच्या भिंतीत फुटक्या आरशाचा एक तुकडा लिंपून बसवला होता. शाळेत जाताना पोरीला त्यासमोर उभी करून ते विचारायचे, “कोण दिसतंय? नीट बघ. बाहेर लोक येगळंच सांगत्याल.” शाळेत लोकांनी वेगळंच सांगितलं. चौथीपर्यंत प्रत्येक नाटकात बाई राक्षसीण झाल्या. “पण राक्षसीण मी फार चांगली करायचे,” असं त्या अजूनही सांगतात, आणि अण्णांशी त्यांना बोलताना ज्यांनी ऐकलं आहे त्यांना ते पटतं.

बाईंची जीभ घरच्यांनाही सोडत नाही. मुलगा अभय हिंजवडीत इंजिनीअर. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा त्यांचेच पाहुणे म्हणाले, मुलगी एमटेक आहे, घर चांगलं आहे, रंगानं तेवढी जरा... बाई म्हणाल्या, “जयंतीला निळा झेंडा घेऊन पुढं असता, आणि सून बघायला निघालात की पांढरा घेता व्हय?” पाहुणे जेवून गेले, पण गप्प जेवले. ती प्रियदर्शिनी आता बाईंची सून आहे.

आमच्या शिक्षकवर्गाची गोष्ट सांगायची तर सगळे पुरोगामी आहेत. किमयाबद्दल एक बाई कौतुकानं म्हणाल्या, “काळी असली तरी काय गोड आहे ना.” ओव्हाळबाईंनी कप खाली ठेवला. “चहा गरम असला तरी गोड आहे, असं म्हणता का हो?” तेव्हापासून शिक्षक कक्षात बाईंच्या देखत कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

आता स्नेहसंमेलनाकडे येतो.

बाईंनी दोन महिने मुलांकडून भातलावणीचा नाच बसवून घेतला होता. वाकायचं, रोप खोचायचं, एक पाऊल मागं. किमया सगळ्यांच्या पुढं, कारण तालाला ती पक्की. बाकीची तिच्याकडं बघून वाकायची. जानेवारीच्या सुरुवातीला अण्णा तालीम बघायला आले. बघून त्यांचं तोंड उतरलं.

“बाई, पोरं गाळात कशाला नाचवताय? हिंजवडीवरनं लोक येत्यात. पऱ्या करा, पऱ्या.”

“अण्णा, तुमच्या आईनं जन्मभर भातच लावला की.”

“म्हणून तर पऱ्या करा म्हणतुया.”

मग क्षितिजा नावाची नृत्य शिकवणारी मुलगी आली. आठ दिवसांत भाताचं रान मोडून तिथं परीराज्य उभं राहिलं. सोनेरी केसांचे टोप, जाळीचे पंख, पांढरे हातमोजे. मधली परी दिशा, हातात चांदणीची कांडी. हे अण्णांनी आधीच ठरवून दिलं होतं.

संमेलनाच्या दिवशी मेकअपवाला वाल्मीक आपली पेटी घेऊन आला. मुळशीतल्या पाच-सहा शाळा तो करतो. त्याच्याकडे एकच रंग आणि एकच स्पंज. बाई दारातच उभ्या राहिल्या.

“माझ्या वर्गाला लावायचं नाही.”

“बाई, इस्टेजवर लाइट रंग खातो.”

“खाऊ दे की. उरेल तो आमचा.”

वाल्मीक अण्णांकडे गेला. अण्णांनी वाद घातला नाही. त्यांना संस्था चालवण्याचा अनुभव आहे. त्यांनी निरोप पाठवला की पाहुण्यांच्या नाश्त्याकडे ओव्हाळबाईंनी जातीनं लक्ष द्यावं. तासाभरानं बाई परत आल्या तेव्हा अठरा खोडरबरं ओळीनं बाकावर बसली होती.

पडदा उघडायला दोन मिनिटं असताना दिशाला रडू फुटलं आणि पाठोपाठ शू झाली. क्षितिजा घाबरली. तिनं दिशाला मागच्या ओळीत ढकललं, कांडी किमयाच्या हातात दिली आणि तिला मध्ये उभं केलं. किमयाला सगळ्यांचीच पावलं पाठ होती. ती अशी नाचली की हिंजवडीच्या पाहुण्यांनी मोबाइल खाली ठेवून पाहिलं. अण्णांनी मात्र मोबाइल खाली ठेवला नाही. साडेचार मिनिटं त्यांनी फक्त मधल्या परीचं चित्रीकरण केलं आणि शेजारच्याला म्हणाले, “बघा, रक्तातच असतंय.”

बदल झाला हे त्यांना कुणी सांगितलं नाही. क्षितिजानं सांगणं शक्य नव्हतं, तिला पुढच्या वर्षीही यायचं होतं. दिशाच्या आईला कळलं असणारच, पण सासऱ्यापुढं बोलायची त्या घरात पद्धत नाही. दिशानं मात्र सांगितलं. जेवताना अण्णा मोबाइलवरची परी दाखवत होते तेव्हा ती म्हणाली, “ती मी न्हाई, ती किमया हाय.” अण्णा हसले. म्हणाले, “लाजतीया पोर.”

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. मधोमध बारा फुटी परी, खाली ‘नांदे गावची परी कु. दिशा हिचे हार्दिक अभिनंदन’, कोपऱ्यात हात जोडलेले अण्णा, तेही दोन छटा उजळ केलेले, आणि तळाशी काळ्या गॉगलमधले बावीस शुभेच्छुक. गावानं ते चित्र मोबाइलवर एकमेकांना पाठवलं. “अण्णा, अगदी तुमच्यावर गेलीय,” असं दोघातिघांनी लिहिलं.

गावाची करमणूक झाली, पण किमयाचं काय झालं ते ऐका. संमेलनाहून घरी गेल्यावर तिनं तोंड धुऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं धरून धुतलं तर दिवसभर जेवली नाही. मग रोज सकाळी आईच्या डब्यातली पावडर थापून ती शाळेत यायला लागली. चौकात थांबून सांगायची, ही मी आहे. मोठी पोरं म्हणायची, “हट, ती गोरी हाय. तू आरशात बघ.” हे असं आरशाचं नाव निघाल्यापासून वर्गातल्या आरशाकडेही ती बघेना. एक दिवस तिनं पत्र्याच्या डब्यातून गुलाबी कांडी चोरली आणि आपलं चित्र काढलं.

“ही कोण?” बाईंनी विचारलं.

“मी.”

“आणि इथं बसलीय ती?”

“ती बी मीच. पण ती नको. चौकातली चांगली हाय.”

मधल्या सुट्टीत बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

“भाऊसाहेब, जूनपासून पोरीला तिचं तोंड ओळखीचं करून दिलं होतं. वाल्मीकनं एका स्पंजात पुसलं.”

मी सुचवलं की अध्यक्षांना रीतसर लेखी तक्रार द्यावी, मी जावक क्रमांक टाकून देतो.

“तुमच्या जावक क्रमांकानं तिचं तोंड धुतलं जाणार असेल तर देते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या विकीकडे गेल्या. त्यांना वाटलं बाप चिडेल. बाप चिडला नाही. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई. आपली पोर चौकात लागली, मग कुणाच्या का नावानं असंना. खाली उतरवली तर आपल्याला परत कोण लावतंय?” नम्रता भाकऱ्या थापत होती. ती एवढंच म्हणाली, “बाई, काल मला म्हणली, आई तू पण लाव.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यापुढं परिसर भेटीची वही ठेवली. मुलांना शाळेबाहेर न्यायचं तर कारण लिहावं लागतं आणि मुख्याध्यापक रजेवर असले तर सही मी करतो. मुख्याध्यापक रजेवर होते. ठिकाण, चौक. उद्देश, फलकांचे निरीक्षण. मी दोनदा वाचलं आणि सही केली. नियमात बसत होतं.

अठरा मुलं दोरी धरून चौकात गेली. मीही मागोमाग गेलो. सही माझी होती. समोरच्या हॉटेलात अण्णा आपल्या चार-पाच शुभेच्छुकांसह चहा घेत होते. बाईंनी मुलांना फ्लेक्सखाली अर्धगोलात बसवलं. किमया सगळ्यांच्या मागं, मान खाली घालून.

“समोर काय दिसतंय?”

“परी,” अख्खा वर्ग.

“कोण आहे ती?”

निषाद नावाचा मुलगा थोडं वाचतो. “दि-शा. दिशा लिवलंय.”

“लिहिलंय ते राहू दे. दिसतंय काय ते सांग.”

मुलं बघायला लागली. लहान मुलांना बघायला सांगितलं की ती खरंच बघतात. मोठ्यांना ही सवय राहत नाही.

“बाई, परीला वरचा दात न्हाई.”

“आपल्यात कुणाचा वरचा दात पडलाय?”

“किमयाचा.”

“दिशाचा?”

दिशा उभी राहिली आणि तिनं ओठ वर करून सगळ्यांना, हॉटेलाकडेही वळून, आपले दात दाखवले. सगळे होते.

“आणि कांडी डाव्या हातात हाय,” निषाद म्हणाला. “किमया डावरी हाय.”

“मी मागं व्हते,” दिशानं खुलासा केला. “मला शू झाली व्हती.”

हॉटेलात कुणाला तरी चहाचा ठसका लागला. एक शुभेच्छुक उठून फ्लेक्सच्या जवळ आला आणि आयुष्यात पहिल्यांदाच दात मोजू लागला.

बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. “मग हिचा रंग असा कसा?”

“वाल्मीककाकांनी लावला.”

“बाकीच्यांना कुठला लावला?”

“त्योच.”

“मग रंगावरून ओळखलंत का कोण ते?”

“न्हाई.”

“कशावरून ओळखलंत?”

“दातावरनं.” “हातावरनं.” एक जण म्हणाला, “ती नाचती ना, तशी उभी हाय त्याच्यावरनं.”

दिशा मागं गेली आणि किमयाच्या शेजारी बसली. “रंग लावला की कोण कोण ते कळतच न्हाई,” ती म्हणाली. “आमच्या अण्णांना बी कळलं न्हाई.”

किमयानं मान वर केली. ती फ्लेक्सकडे बघत नव्हती. आपल्याला कुणी कुणी ओळखलं, ते एकेकाच्या तोंडाकडे बघून पाहत होती.

दुपारच्या आत फ्लेक्स उतरला. दोन वाजता अण्णा कार्यालयात आले आणि बाईंना बोलावणं गेलं.

“तुमी मुद्दाम केलं.”

“परिसर भेट केली अण्णा. अभ्यासक्रमात आहे.”

अण्णा माझ्याकडे वळले. “भाऊसाहेब, तुमी सही कशी केली?”

“उद्देश योग्य वाटला,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“बाई, राजीनामा द्या तुमी.”

“देते. कारण तुम्ही लिहून द्या. पोरांनी दात मोजले म्हणून.”

“काय पायजे तुमाला?”

“फ्लेक्स परत लावा. तेवढाच मोठा. किमयाचं धुतलेलं तोंड आणि खाली तिचं नाव.”

“बौद्धवाड्यातली पोर मी चौकात लावू?”

“आठ दिवस होतीच की अण्णा. तुमच्यावर गेलीय म्हणाले लोक.”

फ्लेक्स लावणार नाही, असं अण्णांनी तीनदा सांगितलं. मग बाईंनी दुसरी मागणी काढली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर बालवर्ग भातलावणीचा नाच करणार, आणि वाल्मीकला बोलवायचं नाही. हे अण्णांनी लगेच मान्य केलं. पहिल्या मागणीच्या मानानं त्यांना ते फुकट वाटलं.

पण खरा प्रश्न अण्णांचा नव्हताच. सव्वीस तारखेला सकाळी किमया आली तेव्हा दप्तरात पावडरचा डबा होता. मैदानाच्या कडेला मुलं ओचे-धोतरं खोचत होती, आणि ही डबा काढून पायरीवर बसली. नम्रता घाबरून बाईंकडे बघत होती.

“लावायची तर लाव,” बाई म्हणाल्या. “मी अडवणार नाही.”

मला हे चुकीचं वाटलं. एवढं सगळं करून शेवटी हातात डबा राहू द्यायचा?

किमयानं झाकण उघडलं. “बाई, लावली तर लोकांना कळंल का, मी कोण?”

“तुला काय वाटतं?”

तिनं बराच वेळ विचार केला. सहा वर्षांच्या मुलीच्या मानानं फारच. तेवढ्यात झांजा वाजल्या. तिनं डबा दिशाच्या हातात दिला, “धर, मला उशीर होतोय,” म्हणाली आणि तशीच पळत पुढच्या जागी जाऊन उभी राहिली. दिशाला सांभाळायला दिलेली वस्तू कधी राहत नाही. तिनं पावडर जवळ बसलेल्या कुत्र्याला लावली. त्या वर्षीच्या झेंडावंदनाला पांढऱ्या तोंडाचं एक कुत्रं अखेरपर्यंत हजर होतं आणि त्याला कुणी हाकललं नाही.

नाच चांगला झाला. उन्हात अठरा तोंडं, गूळ, करवंद, नाचणी. दिशा दोनदा उलट्या दिशेला वाकली. अण्णांनी या वेळी तिला शोधून काढलं आणि मोबाइल तिच्यावरच धरला. मग तालुक्याहून आलेल्या पाहुण्या बाई उठल्या. पुढं नाचणाऱ्या मुलीला त्यांनी वर बोलावलं, माइक तिच्या तोंडापाशी धरला आणि नाव विचारलं.

किमयानं माइक आपल्या डाव्या हातात घेतला.

“माझं नाव किमया विकी भालेराव. चौकात परी लावली होती ती मीच. तवा मला रंग लावला होता.”

पाहुण्या बाईंनी शेजारच्या खुर्चीतल्या अण्णांना हळूच विचारलं, “कुठला चौक?”

अण्णांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अध्यक्ष वाजवतायत म्हटल्यावर शुभेच्छुकांनी वाजवल्या, आणि ते वाजवतायत म्हटल्यावर सगळ्या गावानं. बौद्धवाड्यातली माणसं कुंपणापाशी उभी होती. ती आधीपासूनच वाजवत होती. पाहुण्यांनी माइक परत घ्यायला हात पुढं केला, पण किमया सोडायला तयार नव्हती. तिला अजून पत्ता सांगायचा होता.